आत्यांचं मानपत्र

गेल्या महिन्यात माझ्या जुन्या रूममेटनं फोनवर एका घराचे फोटो पाठवले. पिस्कॅटवेचं घर, विकायला काढलेलं. स्वयंपाकघर आता पांढरंफटक झालंय आणि चहाच्या डब्याखालचा तो अडकणारा ड्रॉवरही गेलाय. फ्रीमाँटच्या माझ्या टाउनहाउसमध्ये सगळे ड्रॉवर न अडकता उघडतात, पण त्या दिवशी मला त्या एका ड्रॉवरची फार आठवण आली. माझं सहा वर्षांचं शिक्षण, रूममेटबरोबरचा पाच वर्षांचा संसार आणि एक मोठी घोडचूक त्या घराशी जोडलेली आहे. घोडचूक आधी आठवते.

पीएच.डी. करत असताना आम्ही दोघी त्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायचो. मी साताऱ्याची, ती नागपूरची. खाली घरमालक राहायचे. आयर्लंडच्या पश्चिमेकडचे, पंचाहत्तरीचे, बायको वारलेली, मुलगा टेक्सासला. आयुष्यभर त्यांनी बस चालवली होती. पहिल्याच आठवड्यात आम्ही त्यांना काका म्हणायला लागलो. त्यांनी अर्थ विचारून घेतला आणि मग आम्ही 'मिस्टर' म्हटलं तर ओ देणंच सोडलं. दर रविवारी त्यांच्या चर्चच्या तळघरात चहापाणी असायचं. तिथं ते मलाही गाडीतून न्यायचे, आणि येताना ओक ट्री रोडवरच्या आपल्या देशी वाण्याच्या दुकानाशी थांबायचे. मी कोथिंबीर घ्यायची आणि ते पार्ले बिस्किटांचे दोन पुडे घ्यायचे. हा आमचा अलिखित करार होता.

काकांना एक छंद होता. टीव्हीवर कुणा आयरिश नटाला किंवा गायकाला इंग्लंडच्या राणीकडून मानाचं पदक मिळाल्याची बातमी आली की ते खुर्चीत सरसावून बसायचे. त्यांच्या डोक्यात दोन याद्या पक्क्या होत्या, घेतलेल्यांची आणि नाकारलेल्यांची. नाकारणाऱ्यांबद्दल बोलताना त्यांचा आवाज घरातल्या माणसांबद्दल बोलावं तसा व्हायचा. घेणाऱ्यांचं ते पुन्हा नावही काढत नसत. आयरिश नागरिकानं घेतलं तर ते नुसतं मानद असतं, त्याला 'सर' म्हणता येत नाही, 'सर' म्हणवून घ्यायचं तर तिकडचं नागरिकत्व लागतं, हे सगळं मला त्यांच्याकडूनच कळलं. 'राणी' हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. ते 'त्या बाई' म्हणायचे. मला गंमत वाटायची. आमच्याकडे जाऊबाईंबद्दल असं बोलतात.

काकांची एकच धाकटी बहीण होती. काकांची बहीण म्हणून आमची आत्या. अठराव्या वर्षी त्या नर्स व्हायला बर्मिंगहॅमला गेल्या आणि तिथंच राहिल्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका हॉलमध्ये दुपारचं जेवण सुरू केलं, म्हाताऱ्या आयरिश मजुरांसाठी. इंग्लंडचे रस्ते बांधायला तरुणपणी आलेली ही माणसं, कुणी परत गेली नाहीत, कुणाला बोलवायला कुणी उरलं नाही, भाड्याच्या खोलीत एकटी राहायची. आत्या त्यांना जेवायला घालायच्या, त्यांच्या पायांच्या जखमा धुवायच्या आणि मेल्यावर त्यांच्या मागं चालायला चार माणसं गोळा करायच्या. दर रविवारी दुपारी त्यांचा फोन यायचा. काका तो उभ्यानंच घ्यायचे.

एका नोव्हेंबरात आत्यांचं जाडसर पाकीट आलं. काकांनी ते मला वाचायला दिलं, चष्मा सापडत नाही म्हणाले. चष्मा त्यांच्या कपाळावर होता. आत एका सरकारी पत्राची झेरॉक्स होती आणि आत्यांची अर्ध्या पानाची चिठ्ठी. सरकारी पत्रात असं होतं की आत्यांनी केलेल्या सेवेबद्दल त्यांना एम.बी.ई. द्यावी, म्हणजे मेंबर ऑफ द ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर करावं, अशी शिफारस राणीसाहेबांकडे जाणार आहे. त्यांची संमती आहे का, ते अमुक तारखेच्या आत कळवावं. आणि मानकऱ्यांची यादी जाहीर होईपर्यंत ही गोष्ट कृपया कुणालाही सांगू नये. चिठ्ठीत आत्यांनी लिहिलं होतं की तू सांगशील तसं करीन, पण तू बरोबर आलास तरच घेईन, राजवाड्यात एकटी जाणार नाही.

मी वाचून संपवलं. काका काही बोलले नाहीत. त्यांनी कागद घडी करून चहाच्या डब्याखालच्या ड्रॉवरमध्ये घातले आणि ड्रॉवर नेहमीसारखा अडकला म्हणून गुडघ्यानं ढकलला.

आता इथं माझी अक्कल बघा. दोन याद्यांबद्दल मला माहीत होतं. 'त्या बाई' माहीत होतं. पण मला वाटलं, ते सगळं परक्यांसाठी. स्वतःच्या सख्ख्या बहिणीला एवढा मान मिळतोय म्हटल्यावर कुठला भाऊ नाराज होईल? जुन्या माणसांना आनंद दाखवता येत नाही, एवढंच. माझे बाबा माझा बारावीचा निकाल ऐकून असेच गप्प बसले होते, आणि मग चप्पल घालून पेढे आणायला गेले होते. तेव्हा पेढे आपणच करायचे, हे मी शनिवारी ठरवलं. मिल्क पावडर, कंडेन्स्ड मिल्क, वेलची. मायक्रोवेव्हमध्ये बारा मिनिटं.

रूममेटनं मला अडवलं होतं, हे इथं लिहायलाच हवं. ती म्हणाली, "अगं, लेटरमध्ये कॉन्फिडेन्शियल लिहिलंय म्हणालीस ना? कॅन्सल कर यार हे पेढे." मी तिला म्हटलं की आपल्याकडे 'कुणाला सांगू नकोस' हे प्रत्येक चांगल्या बातमीबरोबर येतंच, म्हणून काय कुणी गप्प बसतं? आणि चाळीस पेढे वळले.

रविवारी चर्चच्या तळघरात काका कुणाशी तरी पार्किंगबद्दल बोलत होते, तेवढ्यात मी डबा उघडून सगळ्यांना पेढे वाटले. ते कशाबद्दल, हेही सांगितलं. जरा मोठ्यानंच सांगितलं. तिथली एक गोष्ट मला माहीत होती, तिचा अर्थ मात्र कळला नव्हता. मार्चमध्ये गावात सेंट पॅट्रिकची, म्हणजे आयरिश लोकांच्या संताची, मिरवणूक निघते. तिच्या पुढं चालणारा ग्रँड मार्शल म्हणून येत्या मार्चसाठी काकांना निवडलं होतं. हिरवा पट्टा खांद्यावरून घालून सगळ्यांच्या पुढं चालायचं, हा त्या लोकांतला सगळ्यात मोठा मान. काका पंचवीस वर्षं त्या मिरवणुकीत खुर्च्या उचलत होते. आणि मी त्या माणसाच्या बहिणीला राणी पदक देतेय म्हणून पेढे वाटत होते.

एका बाईंनी अर्धा खाल्लेला पेढा पेपर नॅपकिनवर ठेवला आणि नॅपकिनची घडी घातली. मिरवणुकीच्या समितीचे गृहस्थ काकांकडे बघून म्हणाले की हे खरं असेल तर आपल्याला एकदा बसून बोलावं लागेल. काका माझ्या हातातल्या डब्याकडे बघत होते. मग त्यांनी पुढं येऊन त्यातला एक पेढा उचलला आणि सगळ्यांच्या देखत खाल्ला. मला वाचवायला खाल्ला, हे मला तेव्हाही कळलं.

परतताना गाडी ओक ट्री रोडवर थांबली नाही.

घरी आल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं आणि सांगितलं. आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्याच्या वेळी त्यांच्या वडिलांचा थोरला भाऊ सतरा वर्षांचा होता. इंग्रजांच्या शिपायांनी त्याला पहाटे घरातून ओढून काढलं आणि मागच्या भिंतीशी उभं करून गोळी घातली. आजीनं ती भिंत पुन्हा कधी चुन्यानं रंगवू दिली नाही. बाकी घर दरवर्षी पांढरं व्हायचं, ती एक भिंत सोडून. आणि त्या शिपायांच्या अधिकाऱ्याला पुढं याच ऑर्डरचं पदक मिळालं, असं त्यांच्या घरात सांगत. खरं की खोटं ते त्यांना माहीत नव्हतं. वडिलांना मरताना त्यांनी वचन दिलं होतं की इंग्लंडच्या जमिनीवर पाय ठेवणार नाही. बहिणीला भेटायलासुद्धा ते कधी बर्मिंगहॅमला गेले नव्हते, तीच यायची. आणि ह्या पत्रावरून त्यांना आणखी एक गोष्ट कळली होती. पदक नुसतं मानद नव्हतं. म्हणजे तिनं केव्हातरी तिकडचा पासपोर्ट घेतला होता आणि भावाला सांगितलं नव्हतं.

मी रडायला लागले. काकांनी चहा ठेवला. मग त्यांनी मला विचारलं, "ते लोक तुमच्याकडेही होते ना? तुम्ही काय केलंत अशा पदकांचं?"

तेव्हा मी त्यांना आमच्या घरातल्या सनदेची गोष्ट सांगितली. माझे पणजोबा डॉक्टर होते. इंग्रज सरकारनं त्यांना रावसाहेब ही पदवी दिली होती आणि तिची सनद आमच्या साताऱ्याच्या घरात बैठकीच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेली होती. आणि माझ्या आईचे वडील बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. ते दर दिवाळीला आमच्याकडे आठ दिवस यायचे. ते यायच्या आदल्या दिवशी बाबा ती फ्रेम काढून गाद्यांच्या मागं ठेवत. कुणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं, पण व्याह्यांसमोर इंग्रजांचा कागद नको, अशी घरची रीत पडली होती. भिंतीवर आठ दिवस एक उजळ चौकोन दिसायचा आणि सगळे तो न दिसल्यासारखं करायचे. मी आठ वर्षांची असताना फराळाच्या वेळी आजोबांना खडा सवाल केला, तुम्ही आलात की आमच्या पणजोबांची सनद का लपवतात? आईनं मला चिमटा काढला तो मला अजून आठवतो. म्हणजे माझं तोंड तेव्हापासूनच असं आहे.

आजोबांनी सनद मागवली. मांडीवर घेतली, चष्मा लावला आणि त्यातलं सगळं इंग्रजी अक्षर न अक्षर मोठ्यानं वाचलं. मग बाबांना विचारलं की ही कशाबद्दल मिळाली होती. बाबांनी सांगितलं, प्लेगच्या साथीत लोक दगड मारत असताना घरोघर जाऊन लस टोचली म्हणून. आजोबा म्हणाले, "टोचली ती आपल्याच माणसांना ना? मग लावा भिंतीवर. खाली सही कुणाची आहे, ते मी बघत नाही." सनद परत भिंतीवर गेली आणि पुन्हा कधी उतरली नाही. आजोबा मात्र पुढची सगळी वर्षं त्या भिंतीकडे पाठ करून बसायचे. हेही मी काकांना सांगितलं, कारण खरं तेच होतं.

काकांनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला. आजोबांनी ती मोठ्यानं वाचली का? मी हो म्हटलं. त्यांनी कप धुतला आणि ते झोपायच्या खोलीत गेले.

पुढचे अडीच आठवडे त्यांनी त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. रविवारचे फोन यायचे, तेव्हा ते हवेबद्दल बोलायचे. मी जिन्यात बसून ऐकायची, लाज सोडून. पत्रातली तारीख मला पाठ होती. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतःच फोन लावला. रविवार नव्हता. फोन लावताना ते पहिल्यांदाच खुर्चीत बसले. ते म्हणाले की घे तू ते, मी येतो, कोट आहे माझ्याकडे. मग बराच वेळ ते नुसतं ऐकत राहिले.

आत्यांनी नकार कळवून टाकला होता, आदल्याच मंगळवारी. पिस्कॅटवेच्या तळघरातल्या कुणाची तरी चुलत बहीण बर्मिंगहॅमला होती. पेढ्यांची बातमी तिच्यामार्फत दोन दिवसांत आत्यांपर्यंत पोचली होती. भावाचा हिरवा पट्टा जाणार, त्याच्याशी लोक बोलेनासे झालेत, असं त्यांनी ऐकलं. पंचवीस वर्षं खुर्च्या उचलल्यावर मिळालेला त्याचा मान आपल्या मानापायी जायला नको, म्हणून त्यांनी नाही लिहून पाठवलं. काका गप्प होते ते होकार द्यायला मन तयार करत होते म्हणून. तिकडे आत्यांनी त्या गप्प राहण्याचा अर्थ उलटा लावला. आणि मधे मी होते, चाळीस पेढे घेऊन. पेढे वाटले नसते तर ते पदक आत्यांना मिळालं असतं. हे मी पुष्कळदा पुष्कळ प्रकारे मांडून बघितलंय, दुसरं उत्तर येत नाही.

नकाराची बातमीही तशीच परत आली. आता तळघरात काकांची पाठ थोपटायला रांग लागली. त्यांच्या बहिणीनं राणीला नाही म्हटलं होतं. अर्धा पेढा ठेवणाऱ्या बाईंनी मला रेसिपी विचारली. समितीनं आत्यांना मिरवणुकीचं खास निमंत्रण पाठवलं, विमानाच्या तिकिटासकट. मार्चमध्ये आत्या आल्या. बुटक्या, लठ्ठ, पायात नर्सेस घालतात तसे पांढरे बूट. मिरवणुकीत त्या काकांच्या शेजारून चालल्या. नंतर जेवणाच्या वेळी समितीच्या गृहस्थांनी त्यांची ओळख करून दिली की ह्या बाईंनी साम्राज्याला त्याची जागा दाखवली. तीनशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. आत्या बसून होत्या आणि हसत होत्या. काका टाळ्या वाजवत नव्हते. त्यांनी पट्टा काढून मांडीवर ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या आणि मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होतो. मी त्यांची माफी मागितली. महिनाभर पाठ केलेली वाक्यं होती, ती सगळी उलटसुलट आली. आत्यांनी सुरी खाली ठेवली. काका दारातच उभे होते, आत्यांना ते दिसत होते, तरी त्या बोलल्या.

"मला ते हवं होतं गं," त्या म्हणाल्या. "टोपीसुद्धा बघून ठेवली होती मी. निळी. चाळीस वर्षं मी त्या लोकांच्या म्हाताऱ्यांची गू-घाण काढली आणि आपल्याही. कुणीतरी एकदा माझं नाव मोठ्यानं वाचावं, एवढंच वाटत होतं. काल वाचलं, पण न केलेल्या गोष्टीसाठी."

काका दारातून निघून गेले. मी वर गेले. काहीतरी करायला हवं होतं आणि मला जे येतं तेच मी केलं. माझ्या बॅगेत एक शाल होती. बाबा हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले तेव्हा त्यांना सात सत्कारांत सात शाली मिळाल्या होत्या. त्यातली एक आईनं मला थंडीसाठी दिली होती. सत्काराची शाल कुणी वापरत नाही, ती पुढच्या सत्काराला जाते, तशी ती माझ्याकडे घडी न मोडता पडून होती. देवाजवळ ओक ट्री रोडचा एक नारळ होता. मी खाली येऊन आत्यांना सांगितलं की आमच्याकडे माणसाचा मान कसा करतात ते तुम्हाला दाखवते. उठू नका, आमच्याकडे बसूनच घेतात. शाल घालायला मात्र घरातलं मोठं माणूस लागतं.

काकांना बोलावलं. ते आले. त्यांनी शाल बहिणीच्या खांद्यावर नीट घातली, कोपरे पुढं ओढले, लहान मुलीला स्वेटर घालतात तसे. मी नारळ त्यांच्या हातात दिला. आत्यांनी विचारलं की ह्याचं काय करायचं. मी म्हटलं, वड्या. त्या हसल्या. मग काकांनी मला विचारलं की आता काय म्हणतात. मी म्हटलं, आता मानपत्र वाचतात. ह्या माणसानं काय केलं ते कागदावर लिहिलेलं असतं आणि कुणीतरी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवतं. पण आपल्याकडे कागद नाही.

काकांनी चहाच्या डब्याखालचा ड्रॉवर ओढला. तो अडकला. दोन्ही हातांनी ओढल्यावर निघाला. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन त्यांनी घडी उलगडली आणि वाचायला सुरुवात केली. बस थांब्यावर थांबली की उतारूंना सांगायचे, त्या सरळ आवाजात. आत्यांचं पूर्ण नाव वाचलं. बर्मिंगहॅममधल्या आयरिश वृद्धांची सेवा वाचली. 'हर मॅजेस्टी द क्वीन' वाचलं. तिथं त्यांचा आवाज एकदा फाटला आणि त्यांनी तो शब्द परत नीट म्हटला. ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायरही अख्खं वाचलं, एक अक्षर गाळलं नाही. त्या घरात ते शब्द पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून आले होते. वाचून झाल्यावर त्यांनी मान वर केली नाही.

आत्या नारळ मांडीवर धरून बसल्या होत्या. शालीच्या टोकानं त्यांनी नाक पुसलं. सत्काराच्या शालीचा तेवढा उपयोग मी पहिल्यांदाच बघितला.

"परत वाच," त्या म्हणाल्या.

काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, परत लावला, आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.